चाळीस हात जांभा

“वारो ओढणारां यंत्र, आणि तां धुरात ठेवतास?” आक्का म्हणाली.

ती मागच्या पडवीच्या उंबऱ्यावर उभी होती, हातात भात ढवळायचं लाकडी उलथणं. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. मी तिच्यासमोर उकिडवा बसून नव्या कॉम्प्रेसरच्या मोटरीवरची पट्टी वाचत होतो. खरं तर तिथले आकडे मला केव्हाच पाठ झाले होते. पण आक्काला उत्तर द्यायचं नसलं की मी काहीतरी वाचायला घेत असे.

“फिल्टर आसत त्याका,” मी म्हणालो. “एक नाय, तीन.”

“फिल्टर काय चूल इजवतले?”

या गोष्टीला आता सोळा-सतरा वर्षं झाली. आमच्या खारेवाडीच्या समुद्रात तेव्हा नुकतेच पर्यटक पाठीला सिलिंडर बांधून मासे बघायला उतरू लागले होते. आम्ही मासे ताटात बघणारी माणसं. ते पाण्यात जाऊन बघायला कुणी पुण्याहून गाडी करून येईल, यावर विश्वास बसायला आम्हाला दोन हंगाम लागले. माझे भावजी, म्हणजे आक्काचे यजमान मोरेश्वर मेथर, यांचा मात्र पहिल्याच हंगामात बसला. होडीवाल्यांना सिलिंडर भरून आणायला रोज तालुक्यापलीकडे जावं लागतं, हे त्यांनी हेरलं. रापणीतला, म्हणजे वाडीच्या सामाईक जाळ्यातला, आपला वाटा विकून ते गोव्याहून एक जुना, पण चालू, उच्च दाबाचा कॉम्प्रेसर घेऊन आले. मोटारीच्या चाकात हवेचा जेवढा दाब असतो त्याच्या ऐंशी पट दाबाने हे यंत्र सिलिंडरात हवा कोंबायचं. भावजी हा ऐंशीचा आकडा सलूनमध्ये सांगत, देवळात सांगत, मयताला गेले तरी सांगत.

यंत्र बसवायचं आणि जोडायचं काम अर्थात माझं. पंचक्रोशीत लायसन असलेला वायरमन मी एकटाच होतो, आणि ही गोष्ट कुणी विसरू नये याची मी स्वतः जातीने काळजी घेत असे.

प्रश्न एवढाच होता, की यंत्र ठेवायचं कुठे. थ्री-फेजचं मीटर मागच्या पडवीत होतं, माडांच्या पंपासाठी बसवलेलं. तिथेच आक्काची चूल. ती नुसती घरची चूल नव्हती. आक्का तिच्यावर उकड्या तांदळासाठी अर्ध्या वाडीचं भात पैसे घेऊन उकडून देई. भावजींची होडी दोन हंगाम किनाऱ्यावर पडून होती, तेव्हा घर त्या चुलीने चालवलं होतं. आक्काचं म्हणणं, यंत्र पुढच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, ठेवा, तिथे दर्यावरचा मोकळा वारा लागतो. पण मीटरपासून खळ्यापर्यंत अंतर चाळीस हात, आणि आमच्याकडची जमीन म्हणजे वीतभर मातीखाली सलग जांभा दगड. केबल न्यायची तर त्यात चर खणणं आलं.

“खळ्यात नेवक काय अडचण आसा?” भावजींनी मला विचारलं.

“अडचण तशी नाय,” मी म्हणालो. “पण केबल लांबली की व्होल्टेज पडता, भावजी. मोटर जळात.”

चाळीस हातांत व्होल्टेज पडून पडून किती पडणार, हे लायसनवाल्याला माहीत असतं. बाकीच्यांना नसतं, म्हणून तर लायसन.

आक्का मात्र हटेना. चार दिवस घरात आक्का-भावजींचं बोलणं भांड्यांच्या आवाजातूनच चालू होतं. शेवटी आमच्याकडे अशा वेळी जे करतात तेच ठरलं. रवळनाथाला कौल लावायचा.

कौल म्हणजे काय, ते सांगतो. गुरव देवाच्या मूर्तीला दोन ओल्या पाकळ्या चिकटवतो, एक उजवीकडे, एक डावीकडे. आधी मोठ्याने गाऱ्हाणं घालतो. मग उजवी पडली तर काय आणि डावी पडली तर काय, ते देवाला सांगतो. जी पाकळी आधी गळेल ते देवाचं उत्तर. त्यावर पुन्हा कुणी तोंड उघडायचं नसतं.

आमचा तातू गुरव तेव्हा ऐंशीला टेकला होता. तोंडात दात नव्हते, कान जवळजवळ गेले होते आणि गाभाऱ्याबाहेर त्याचा आवाज पोचत नसे. समई धरायला मी त्याच्या शेजारी आत उभा राहिलो. भावजी आणि वाडीतले दहा-बाराजण सभामंडपात, आक्का आणि दोन बायका पायरीशी.

“बा देवा रवळनाथा!” तातूने होता नव्हता तेवढा जोर लावला. “ह्या तुझ्या लेकरान, मोरेश्वरान, वाऱ्याचां यंत्र हाडल्यान हा!”

“व्हय म्हाराजा!” सगळे ओरडले.

“त्येका जागा तू दाखव! कोणाची वाकडी नजर लागली आसात तर ती दूर कर!”

“व्हय म्हाराजा!”

मग तातूचा आवाज उतरला आणि तो देवाशी पुटपुटत उजव्या-डाव्याचं सांगू लागला. ते त्याला, मला आणि देवाला ऐकू आलं. आम्ही तिघे वाट बघत राहिलो. समईच्या उबेने की काय कोण जाणे, उजवी पाकळी हलली आणि टपकन खाली आली.

तातू पाकळी उचलायला वाकला. सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या.

“उजवो दिल्यान!” मी खणखणीत आवाजात सांगितलं. “मागली पडवी!”

“व्हय म्हाराजा!”

पायरीशी आक्काने हात जोडले. तिने देवाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि चप्पल पायात सरकवून घरी गेली. त्यानंतर जागेबद्दल ती एक अक्षर बोलली नाही.

पुढचे दोन दिवस मी कामाला लागलो, आणि सांगायला हरकत नाही, तसं काम मी पुन्हा केलं नाही. विहिरीजवळच्या मऊ मातीत अर्थिंगचा खड्डा, त्यात मीठ आणि कोळसा थरावर थर. नवा स्टार्टर, नवी केबल, भिंतीवर ओळंब्यात मारलेल्या पट्ट्या. वाडीतली माणसं येऊन बघून जात आणि मी त्यांना न विचारलेली माहिती देई. पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा मोटर उलटी फिरली. भावजींच्या तोंडचं पाणी पळालं.

“दिगू! बिघाडलां काय रे?”

“काय नाय बिघाडलां,” मी सावकाश पेचकस काढला. “थ्री-फेजात असां होता. दोन वायरी हयच्यो थय करूच्यो, थयच्यो हय. झालां.”

दोन वायरींची अदलाबदल केली, बटण दाबलं, मोटर सुलटी फिरली. भावजींनी माझ्या पाठीवर थाप मारली. दोन टोकांची अदलाबदल करण्यात माझा हात त्या आठवड्यात चांगलाच बसला होता.

रविवारी उद्घाटन. भावजींनी चाळीस माणसांना वडे-सागोतीचं जेवण सांगितलं. यंत्राची पूजा असली तरी जेवण माणसांनाच लागतं, आणि ते रांधायला आक्काशिवाय होतं कोण? ती पहाटेपासून मागच्या पडवीत चुलीसमोर बसली होती. एका बाजूला सागोतीचा टोप, दुसऱ्या बाजूला वड्यांची कढई, खाली नारळाची सोडणं आणि करवंट्या धुमसत होत्या. वाऱ्याने जाळ भडकू नये म्हणून भावजींनी पडवीला बाहेरून ताडपत्री बांधून दिली. कॉम्प्रेसरची हवा ओढायची नळी चुलीपासून तीन हातांवर, माझ्या पट्ट्यांइतकीच सरळ रेषेत, भिंतीवर लावलेली होती.

नारळ फुटला. मी बटण दाबलं. अर्ध्या तासाने सिलिंडर भरला. भावजींनी झडप किंचित सैल केली, हवा फुस्स करून निघाली आणि त्यांनी तिच्यावर नाक धरलं.

“ये गो हय,” त्यांनी आक्काला बोलावलं. “बघ. खंय आसा तुझो धूर?”

आक्का पदराला हात पुसत आली. वाकली, हुंगलं. सगळे बघत होते.

“वास नाय,” ती म्हणाली.

“देवान जागा दाखवल्यान ती काय उगीच?”

लोक हसले. मी सगळ्यांत जास्त हसलो. आक्का परत चुलीकडे गेली, कारण वडे करपायला लागले होते.

पाण्यात पहिल्यांदा कुणी उतरायचं, याची चर्चाच झाली नाही. “माझ्या यंत्राचो पयलो वारो मीच घेवचो,” असं भावजींनी आधीच जाहीर केलं होतं. लहानपणापासून श्वास रोखून कालवं काढणारा माणूस तो, पाण्याची भीती कसली? आम्ही इनासच्या होडीतून गेलो. इनास फर्नांड होडीवाला, भावजींचा शाळासोबती. मी बरोबर कागदात बांधून चार वडे घेतले होते. खडपाजवळ, म्हणजे पाण्यातल्या खडकांशी, नांगर टाकला. भावजींनी आम्हाला अंगठा दाखवला आणि खाली गेले.

बुडबुडे येत होते. मी वडा खात इनासला ऐंशी पट दाबाचं सांगत होतो.

“वायरमन,” इनास मधेच म्हणाला, “बुडबुडे खंय गेले?”

मी बघितलं. बुडबुडे होते, पण होडीपासून लांब, भलत्याच दिशेला, आणि अंतराअंतराने. मग तिथेच भावजी वर आले. तोंडातली नळी सुटली होती. चेहरा लालभडक. आम्ही जवळ जाईपर्यंत त्यांनी दोनदा गटांगळी खाल्ली. इनासने उडी टाकली, मी वरून पट्टे धरून ओढलं.

“दिगू,” ते होडीत पडल्या पडल्या म्हणाले, “डोक्यात घण कोण मारता रे?” मग ओकले, आणि मग त्यांनी मान टाकली.

किनारा येईपर्यंत माझी जी गत झाली ती मी कुणाला सांगितलेली नाही, आताही सांगत नाही. एवढंच सांगतो की मी मोठमोठ्याने रवळनाथाला हाका मारत होतो, आणि देव मला ओळखही दाखवणार नाही अशी मला खात्री होती.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी ऑक्सिजन लावला. तासाभराने भावजींनी डोळे उघडले, आक्काला ओळखलं, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. डॉक्टर मला बाहेर घेऊन आले.

“हवा कुठे भरली? जवळपास काही पेटलेलं होतं?”

“चूल होती,” मी म्हणालो. “पण साहेब, फिल्टर आहेत. वाससुद्धा नव्हता.”

“वास अडवतात हो तुमचे फिल्टर. विष अडवत नाहीत. धुमसत्या चुलीतून जो वायू निघतो त्याला वासच नसतो. पाण्याखाली तो आणखी लवकर चढतो. पाच मिनिटं उशिरा वर आले असते तर तुम्हाला माझ्याकडे यायची गरज पडली नसती.”

तिसऱ्या दिवशी भावजी घरी आले. ओटीवर खाटेला टेकून बसले, आणि वाडी बघायला लोटली. प्रत्येकाने कारणमीमांसा केली. देवाने तर जागा दाखवलेली, सगळ्यांच्या कानांनी ऐकलेलं, तेव्हा जागेत दोष असणं शक्य नव्हतं. वायरिंग लायसनवाल्याचं. यंत्र गोव्याचं. उरली काय ती चूल.

“देव चुकाचो नाय,” भावजी थकल्या आवाजात म्हणाले. “त्येनी यंत्राक जागा दिल्यान, म्हंजे चूल थयसून हलवक व्हयी होती. आमकाच कळाक नाय. उद्या चूल मोडूची.”

आक्का दारात उभी होती. तिच्या हाताला राख होती. तीन-चार दिवस उकडायचं राहिलेलं लोकांचं भात मागे पोत्यांत पडलं होतं. मला वाटलं आता ती बोलेल. पण ती भावजींकडे बघतसुद्धा नव्हती. ती माझ्याकडे बघत होती.

लोक पांगले. मी खाटेशी जाऊन बसलो.

“भावजी, चूल मोडू नकात.”

“कित्याक?”

“कौल खळ्यात होतो,” मी म्हणालो. “तातून देवाक सांगल्यान होतां, उजवो दिलंस तर खळ्यात, डावो दिलंस तर पडवीत. उजवो पडलो. मिया तुमका उलटां सांगलंय.”

देवाच्या नावाने खोटं बोललेल्या माणसाचं आमच्या गावात काय होतं, ते मला ठाऊक होतं. त्याच्या हातून कुणी वायर सोडाच, पाणी घेत नाही. मी मान खाली घालून वाट बघत होतो. भावजींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“दिगू,” ते म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांत चक्क पाणी होतं. “भयणीची चूल वाचवक इतक्यां पाप डोक्यार घेतस? भाव असो व्हयो.”

“भावजी, खरांच सांगतंय! तातूक इचारा!”

“तातूक काल काय जेवलो तां आठवणा नाय. आणि मी काय भायरो थय उबो नाय होतंय? माझ्या कानान ऐकलंय. तू किती बोंबाललस, मागली पडवी म्हणान!”

मी खोटं बोललो तेव्हा अख्ख्या देवळाने ‘व्हय म्हाराजा’ म्हटलं होतं. खरं बोललो, तर ते एका माणसाच्या गळी उतरेना. मी घाम पुसला. मग घसा साफ केला.

“ठीक हा,” मी म्हणालो. “पण चूल मोडलास तरी यंत्र पडवीत ठेवक येवचां नाय. नियम आसा. माझ्या लायसनाच्या पुस्तकात. एकशे बारावां कलम. वारो ओढणारां यंत्र, घराच्या पुढल्या बाजूक, उघड्यार.”

“पुस्तकात आसा?” भावजी ताडकन उठून बसले. “मगे आदी कित्याक नाय सांगलंस?”

“चुकलंय.”

“मेल्या, लायसन जायत तुझां! हलव उद्याच्या उद्या! देवाक मी नारळ देतंय, तो समजान घेतलो.”

त्या पुस्तकाला एकूण कलमंच अठ्ठावन्न होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टिकाव आणि पहार घेऊन मीटरखालून चर खणायला सुरुवात केली. माणसं लावली नाहीत. भावजी ओटीवरून म्हणत होते, गडी बघूया, पण मी ऐकलं नाही. जांभा वरून मऊ दिसतो आणि आत टिकाव उलटा फेकतो. दुपारपर्यंत तळव्यांना फोड आले आणि फुटलेसुद्धा. पाठीचं तर बोलायलाच नको.

उन्हं चढल्यावर आक्का पेज घेऊन आली. पेजेवर भाजलेला सुका बांगडा. मागे पडवीत चूल पेटली होती, भाताला वाफ आल्याचा वास येत होता. तिने वाडगा माझ्यासमोर ठेवला आणि चराच्या कडेला बसली.

“काल तू खरां बोललस,” ती म्हणाली.

मी वर बघितलं.

“तुका कसां ठाऊक?”

“कौल झालो त्याच्या दुसऱ्या दिसाक नारळ ठेवक गेलंय. तातूक इचारलंय. तेव्हा आठवत होतां त्येका. उजवो खळ्यात, म्हणालो.”

टिकाव माझ्या हातातच राहिला.

“म्हंजे पूजेच्या आदीच तुका ठाऊक होतां? आणि तू बोललंस नाय? भावजींका नाय, माका नाय?”

“नाय.”

“अगो, पण कित्याक?”

आक्काने पदराने कपाळ पुसलं. रागावून बोलली असती तर बरं झालं असतं. ती अगदी साधेपणाने बोलली, लहानपणी मला बाराखडी समजावून द्यायची तशी.

“देव खळ्यात म्हणा होतो. तू पडवीत म्हणा होतंस. मिया रात्रभर इचार केलंय. म्हटलां, देवाक वायरिंगातलां काय कळता? माझो भाव लायसनवालो. तो देवळात उबो रवान खोटां बोलता, म्हंजे इजेचां कायतरी मोठां कारण आसतलां. खळ्यात केबल नेली तर कोणाक शॉक बसात, ह्येंच्या जिवाक कायतरी होयत, म्हणानच तसो बोललो आसतलो, उगीच नाय. देवापेक्षा तुका ज्यास्त कळता, असां धरलंय मिया.”

मी पेजेच्या वाडग्याकडे बघत होतो.

“तर तां कारण काय होतां, दिगू?” तिने विचारलं. “तेवढां सांग. तेवढांच माका कळाक नाय.”

मला पुष्कळ सुचलं. व्होल्टेज होतं, अर्थिंग होतं, एकशे बारावं कलम होतं. मी बोट करून चर दाखवला.

“ह्यां,” मी म्हणालो. “ह्यां खणूचां लागलां असतां.”

आक्काने चराकडे बघितलं. मीटरच्या भिंतीपासून माझ्या पायापर्यंत, आणि मग माझ्या पायापासून खळ्यापर्यंत. मग उठली, लुगड्याची माती झटकली.

“पेज थंड होता,” ती म्हणाली. “खा.”

ती चुलीकडे गेली. मी पेज खाल्ली आणि टिकाव उचलला. अजून एकोणतीस हात बाकी होते.